भिंतीपलीकडची जावा

६ जुलै २००३, रविवार

शेजारच्या मास्तरानं आज टेम्पोतून भंगार आणलं. जावा मोटारसायकल. चौसष्ट सालची, असं तो सगळ्या कॉलनीला ओरडून सांगत होता. सांगायची गरज नव्हती, तिच्याकडं बघूनच वय कळत होतं. टाकी गंजलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार, मागच्या चाकाच्या तारा हातानं मोडाव्यात अशा. कबनूरजवळच्या शेतावर कडब्याखाली एकोणीस वर्षं पडली होती म्हणे. वडिलांची आठवण. वडील गेले तेव्हाच हिलाही पोचवायला हवं होतं.

जिनेंद्र मगदूम हे या मास्तराचं नाव. कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बायकोला, आदितीला, घेऊन इथं राहायला आला. दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे. माझी पायरी अशी की बसलं तर त्याचं अख्खं अंगण दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. दिसतं.

गाडी उतरवायला चार माणसं लागली. मी भिंतीपाशी उभा होतो. म्हटलं, बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या गॅरेजात काढलेला माणूस शेजारी उभा आहे, त्यातली चौदा वर्षं हेडमेकॅनिक. एक शब्द विचारेल. मास्तर हसून म्हणाला, "कुरणेकाका, तुम्ही ट्रॅक्टरवाले ना? ही जरा नाजूक आहे."

ट्रॅक्टरवाले!

मी आत आलो. या गाडीबद्दल या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. जे दिसेल ते इथं लिहीन. कारखान्यात दोषांची वही मीच लिहीत होतो. रिटायर झालो तरी हात शिवशिवतोच.

माझी बायको तानूबाई म्हणाली, "चांगलं हाय की. माणसाला कायतरी नाद असावा."

नाद असावा. अक्कल पण असावी.

१३ जुलै, रविवार

आज गाडी खोलली. हातात ॲडजस्टेबल पाना. कुठल्या नटाला कुठला पाना लागतो हे ज्याला कळत नाही, त्याचं हे हत्यार. प्रत्येक नटाचे कोपरे गोल करून ठेवले. आणि निघालेलं सगळं, नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगा, एका बादलीत. बोल्टांची भेळ! एकेका भागाचं सामान वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, हे गॅरेजात पहिल्या दिवशी शिकवतात. आता जोडताना बादली पालथी करून रडत बसेल.

त्यातून अर्धा तास गिअरची दांडी शोधत होता. जावाला किकची आणि गिअरची दांडी एकच. आत दाबायची, वर फिरवायची, झाली किक. मास्तर पुस्तक उघडून बसला. फिजिक्स म्हणे.

आज आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. तानूबाई आता तीन महिने रोज दुपारी बुद्धविहारात ग्रंथवाचनाला जाणार. बायका पाळीपाळीनं वाचतात म्हणे. ही तिसरीतून शाळा सुटलेली. नुसती मान डोलवत बसत असणार.

१७ जुलै

काल आदितीनं घरातल्या लोणच्याच्या बरण्या, पावडरचे डबे, दह्याची वाडगी सगळं अंगणात ओळीनं मांडलं. प्रत्येकावर चिठ्ठी. पुढचं चाक. क्लच. कार्बोरेटर. नवराबायको दिवस मावळेपर्यंत बादली निवडत बसले होते.

आज मला बघून म्हणाली, "काका, भेळ निवडून झाली बरं का!"

भेळ? या पोरींची बोलायची तऱ्हाच तशी. पुस्तकात लिहिलेलं सापडलं असेल शेवटी.

२७ जुलै, रविवार

टाकीचा गंज काढायला मास्तरानं टाकीत पाणी भरलं आणि कडेवर घेऊन हलवत बसला. पाण्यानं गंज काढणारा पृथ्वीवरचा पहिला माणूस. बारीक खडी घालावी, वर डिझेल, तोंड बांधावं, तासभर हलवावी. मग पेट्रोलनं धुवून उन्हात पालथी. एवढं सोपं आहे. पण सांगणार कोण? ट्रॅक्टरवाला?

३० जुलै

सकाळपासून पलीकडून खळखळ खळखळ. खडीच होती. डिझेलचा वास इथपर्यंत. आंधळ्याच्या हाताला कधीतरी दार लागतं तसं झालंय. तानूबाई म्हणाली, "शिकतुया बगा पोरगं." मी म्हटलं, नशीब शिकतंय. ती फार हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

या वहीच्या मागच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. जेवून हात नीट न धुता लिहू नये. वय झालं. तानूबाईचा तांदूळ निवडायचा चष्माही वहीच्या फळीवरच सापडला. तिचंही वय झालं.

आज इंजिन बांधत होता. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत एक बारका खिळा असतो. रिंगेची दोन टोकं बरोबर त्या खिळ्याशी यायला हवीत. मास्तरानं टोकं भलतीकडं फिरवून ठेवलेली, आणि सिलेंडर वरून बसेना म्हणून हातोडी आणली! मी पायरीवरून उठलो होतो. खरंच उठलो होतो. दोन ठोक्यांत रिंगेचे तुकडे झाले असते. तेवढ्यात आदितीनं जेवायला हाक मारली. जैन माणसं दिवस बुडायच्या आत जेवतात, म्हणून ते सिलेंडर वाचलं. नाहीतर चौसष्ट सालापासून जगलेली वस्तू आज एका फिजिक्सवाल्यानं मारली असती.

१३ ऑगस्ट

रिंगा बरोबर बसवल्या. सिलेंडर लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. मास्तर एकटाच टाळ्या वाजवत होता. जणू यानंच शोध लावला.

एक गोष्ट विचित्र आहे. मला खटकलेली प्रत्येक गोष्ट तीन दिवसांत नीट होते. म्हणजे याला डोकं आहे, पण ते उशिरा पोचतं. टपालासारखं.

१७ ऑगस्ट, रविवार

तानूबाई आज म्हणाली, भिंतीपलीकडं जाऊन जरा हात लावा की. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतं. आणि खरंच काय कळतं? चाळीस वर्षं माझ्या कपड्यांचं ग्रीस धुतलं, पण स्पार्क प्लग कशाला म्हणतात ते हिला सांगता येणार नाही. हिचं जग म्हणजे चूल, विहार आणि शेजारपाजार. बाईमाणसाला इंजिनाचं सांगणं म्हणजे दगडावर पाणी.

१८ ऑगस्ट

सकाळची आमटी बिनमिठाची. संध्याकाळची भाजीही. विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं." हिची आता जिभेची चव पण गेली वाटतं.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती आले. कॉलनीत दिवसभर ढोल. त्या गोंगाटात दुपारी मास्तरानं किक मारायला सुरुवात केली. मी मोजत होतो. एकतिसाव्या किकला धरली.

सुरू झाली.

धूर काय सोडला! तेल जास्त झालंय पेट्रोलमध्ये. डावा सायलेन्सर मोकळा वाजतोय. आयडलिंगला दम खाते. हे तीन दोष मला बसल्या जागी कळले. पण तो आवाज. टणटण टणटण, मध्ये एक ठोका चुकवून. पासष्ट-सहासष्ट साली कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडं अशीच होती, मी हाताखाली नवा होतो, आणि लांबून हा आवाज आला की पुसायचं फडकं घेऊन फाटकाशी पळायचो.

तानूबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "रडताय व्हय?"

म्हटलं, धूर आहे. दिसत नाही का?

पलीकडं मास्तर आणि त्याची बायको हातात हात घालून नाचत होते. एवढी शिकलेली माणसं.

२१ सप्टेंबर, रविवार

मास्तर आज भिंतीला टेकून बोलत बसला. गाडीबद्दल नव्हे, त्याच्या वडिलांबद्दल. जिनपाल मगदूम. गाडीला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणाला. "मी पाना उचलला की काढून घ्यायचे. आता वाटतं, एकदा बिघडवू द्यायला हवी होती." मग विचारतो, "काका, तुमचा मुलगा कृष्णात, त्याला येतं का हे काम?"

येतं का! कृष्णातचा हात या मास्तराच्या शंभरपट होता. कानानं बेअरिंग ओळखायचा. गॅरेजात माझ्याच हाताखाली लावला होता मी त्याला, एकवीस-बावीसचा असताना. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे. कॉम्प्युटरच्या मशीनपुढं उभा राहून बटणं दाबतो. दिवाळीला येतो, आईशी बोलतो, मला "बरं हाय न्हवं" विचारतो आणि जातो.

ते एक्क्याण्णव साल. जीपचं पुढचं चाक मुरगूडच्या रस्त्याला निखळलं. गुंडू ड्रायव्हरचा पाय मोडला. चाकाच्या नटात, तो सुटू नये म्हणून घालतात ती पिन नव्हती. चौकशी लागली. साहेबानं विचारलं, चाक कुणी बांधलं? मी म्हटलं, पोरानं. त्या दिवशी कृष्णात माझ्याबरोबरच होता, हे खरं. हत्यारं देत होता, हेही खरं. नट कुणी आवळला, ते साहेबानं विचारलं नाही.

मला विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

कृष्णातला दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात घेतलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला होता. मी म्हटलं होतं, असला निष्काळजी हात या धंद्यात चालत नाही. माझ्या तोंडचे शब्द. गुंडू मरेपर्यंत लंगडत होता. दोन वर्षांपूर्वी गेला. मी मातीला गेलो होतो. सगळ्यात मागं उभा होतो.

हे कशाला लिहिलं कोण जाणे. मास्तर नको ते विचारतो.

२२ सप्टेंबर

तानूबाई सकाळपासून गप्प. दुपारी विहारात गेली नाही. पिशवी भरली. म्हटलं, कुठं?

"कागलला. किस्नाकडं."

"मधीच?"

"नातवंडांची सय आली." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ग्रंथवाचन अर्ध्यावर टाकून गेली. बायकांचं मन वाऱ्यासारखं. जेवणाचं काय, ते पण सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

भात करपला. ते जाऊ दे.

मास्तरानं पुढच्या चाकाला नवा टायर घातला आणि चाक परत बसवून गाडी भिंतीला लावून ठेवली. माझ्यापासून पाच हातांवर. आणि पुढच्या ब्रेकच्या प्लेटची खाच बसलेलीच नाही!

नीट लिहून ठेवतो. ब्रेकप्लेटला एक खाच असते. फोर्कच्या पायावर उंचवटा. खाच त्या उंचवट्यावर बसली की प्लेट जागची हलत नाही. नाही बसली, तर ब्रेक दाबला की चाकाबरोबर प्लेटही फिरणार, केबल ओढली जाणार, चाक जागच्या जागी जाम. पुढचं चाक जाम म्हणजे माणूस हँडलवरून पुढं. मागं बायको असेल तर तीही.

दिसेल त्याला. आतापर्यंतचं सगळं उशिरा का होईना दिसलंय.

२५ सप्टेंबर

तशीच आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तशीच. मास्तर टाकीला पॉलिश करत बसलाय. ज्याच्यात तोंड बघता येतं ते चमकवायचं, ज्यावर जीव अवलंबून ते तसंच. कॉलेजातली पोरं कशी पास होतात देव जाणे.

इतके दिवस लागले नव्हते कधी. तीन दिवसांत नीट व्हायचं.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या सकाळी दोघं कबनूरला जाणार. आईला, अक्काताईंना, गाडी दाखवायला. आदिती भिंतीवरून सांगत होती. सासूबाई लग्नानंतर याच गाडीच्या मागं बसून आल्या होत्या म्हणे. गाडी सुरू झाल्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. खाच डोळ्यांसमोर होती. तोंडाशी शब्द आला होता. मग मास्तर बाहेर आला आणि म्हणाला, "काका, बघा, तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा छान वाजते की नाही?"

गिळला शब्द.

रात्रीत दिसेल त्याला. निघायच्या आधी माणूस एकदा चाकं बघतोच.

२८ सप्टेंबर, रविवार

आज घडलं ते क्रमानं लिहितो.

सकाळी तीनदा पायरीवर गेलो आणि परत आलो. मास्तर हेल्मेट घालत होता. आदिती नवी साडी नेसून, डबा मांडीवर घेऊन मागं बसली. त्यानं चाकाकडं बघितलं नाही. एकदाही नाही. आमची गल्ली उताराची आहे, खाली पन्नास पावलांवर मोठा रस्ता, वाळूचे ट्रक दिवसभर. पहिला ब्रेक कुठं लागणार, तर तिथंच.

मी चप्पल न घालता धावलो. भिंतीला वळसा न घालता तिच्यावरून गेलो, या वयात. गल्लीच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो आणि ओरडलो, "थांब! पुढचा ब्रेक मारू नको!"

डोक्यावर हेल्मेट, खाली टणटण. त्याला ऐकू आलं असेल "थांब" आणि "ब्रेक मार". आणि त्यानं पुढचाच ब्रेक दाबला.

प्लेट फिरली. मी डोळ्यांनी बघितली. चाक जाम झालं, गाडी आडवी. वेग नव्हता म्हणून. आदिती बाजूच्या वाळूत पडली, कोपर सोलून निघालं. मास्तराचा पाय गाडीखाली. गाडी मी उचलली. कशी उचलली माहीत नाही. आधी इंजिन बंद केलं, ते मात्र हातानं आपोआप केलं.

मास्तर वाळूतच बसला. हेल्मेट काढलं. चाकाकडं बघितलं, मग फिरलेल्या प्लेटकडं. फिजिक्सवाला आहे, लगेच समजला. त्यानं खालच्या रस्त्याकडं बघितलं. एक ट्रक चालला होता.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"

"दिसत होतं."

"कधीपासून?"

आत्ताच दिसलं, असं म्हणता आलं असतं. कुणी धरलं नसतं. ते शब्द जिभेवर आलेही होते, आणि तेव्हाच मला साहेबाची केबिन आठवली. तीच जीभ, तशीच सोपी वाट.

"बुधवारपासून."

आदिती कोपर धरून उभी होती. म्हणाली, "चार दिवस? रोज पायरीवर बसून तुम्ही बघत होता, काका?"

मास्तर हळूच तिला म्हणाला, "तानूमावशी नाहीत ना इथं."

त्याचा अर्थ मला लागला नाही. आदिती आत गेली आणि दार लावून घेतलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

माझी स्वतःची पेटी घेऊन पलीकडं गेलो. भिंतीला वळसा घालून, फाटकातून. मास्तरानं रजा टाकलेली, पाय सुजलाय, हाड शाबूत. मी चाक काढलं. तो स्टुलावर बसून बघत होता. मी खाच उंचवट्यावर बसवली, त्याचं बोट धरून तिथं लावलं. म्हटलं, "हे बघ. हे डोळ्यांनी बघायचं, बोटानंही बघायचं." त्यानं दोनदा चाक काढून स्वतः परत बसवलं. बरोबर बसवलं. पाना धरायची पद्धत मात्र अजून आचाऱ्यासारखी आहे. तेही सांगितलं.

आदिती बाहेर आली नाही. चहा नाही, काही नाही. बरोबर केलं तिनं.

मग मास्तर म्हणाला, "काका, आधीचं सगळं तुम्हीच सांगितलं होतं. हे कसं राहिलं?"

"मी? काय सांगितलं मी?"

"डबे. खडी. रिंगांचा खिळा. मावशी दुपारी विहारातून येताना सांगायच्या. म्हणायच्या, काका म्हणत्यात असं असं कर, पर मी सांगितलं म्हणून बोलू नगंस. आम्हाला वाटायचं, तुम्हीच त्यांच्याकडून निरोप देताय. म्हणून तर मी तुम्हाला ट्रॅक्टरवाले म्हणून चिडवायचो. म्हटलं, एक दिवस चिडून तरी भिंत ओलांडतील."

मी तिला यातला एक शब्दही बोललो नव्हतो.

घरी आलो. वही उघडली. हळदीचं बोट. किती लहान बोट आहे ते. मला ते माझं वाटलं होतं. मग एकवीस तारखेचं पान उघडलं, आणि ती बावीसला पिशवी भरून का गेली ते कळलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

तानूबाई दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "वही वाचतीस?"

"वाचत्ये."

"कवापास्नं?"

"विहारात वाचाय लागल्ये तवापास्नं. सरावाला घरात दुसरं पुस्तकच न्हवतं."

"मला इचारायचं न्हाईस?"

"तुमी सांगायचं न्हाईसा, मी इचारायचं न्हाई. चाळीस वरसं असंच चाललंया की."

"आणि आमटीतलं मीठ?"

"ते मुद्दाम."

नेहमीप्रमाणं ती चूल पेटवायला गेली. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो. तिथं मी सहसा जात नाही, कुठं उभं राहायचं तेही कळेना. म्हटलं, "किस्नाला सांगितलंस?"

"न्हाई." तिनं वळून बघितलं. "सांगाय गेल्ते. दहा दिस त्या पोराच्या तोंडाकडं बगत बसल्ये. मग म्हटलं, ह्ये माझं न्हवं. त्यांच्या तोंडानं झालंया, त्यांच्याच तोंडानं जाऊ दे." मग म्हणाली, "बारा वरसं मी पोराला समजावत हुते. बाला माफ कर, तू चुकलास, त्यांची मान खाली गेली. मी! त्याची आई."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

जावाच्या चाकाचं मी तिला तोंडानं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मी माझ्यावर तोंडसुख घेऊन झाल्यावर म्हणाली, "आदितीकडं जाऊन आला?"

"दार लावून घेतलंया."

"मग दारात बसायचं."

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा. विहारात मोठा कार्यक्रम होता, तानूबाईनं वाचन केलं. मी आज पहिल्यांदा ऐकायला गेलो. अडखळली दोनदा, पण स्वच्छ वाचलं. जोडाक्षरांवर थांबून श्वास घेते. मी मागं बसलो होतो. शेजारचा माणूस म्हणाला, कोण हो ही बाई? मी सांगितलं.

मास्तर आणि आदिती काल कबनूरला जाऊन आले. जाण्याआधी मास्तरानं चाकं, ब्रेक, चेन, सगळं बोट लावून बघितलं, मी शेजारी उभा राहून शिव्या देत होतो. अक्काताईंनी गाडीला ओवाळलं आणि मागं बसून शेताला फेरी मारली म्हणे. आदितीनं त्यांनी दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा भिंतीवर आणून ठेवल्या. माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, "पोरी, माझं चुकलं." ती म्हणाली, "हो, काका." एवढंच. मास्तरीणबाईच आहे, एक मार्क सोडत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

कागलला गेलो.

एसटीनं जाणार होतो. मास्तरानं जावा काढली. म्हटलं, मला नको तुझं खटारं. तरी बसलो. कोल्हापूर ते कागल मी मागून ओरडत होतो, क्लच सोड, गिअर आधी टाक, ट्रकच्या मागं किती चिकटतोस. तो फक्त हसत होता. डावा सायलेन्सर अजून मोकळा वाजतो. तेही सांगितलं. मला कृष्णातच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि म्हणाला, "मी इथंच आहे, काका. लागेल तेवढा वेळ घ्या."

कृष्णात दारात कपडे वाळत घालत होता. पस्तिशीला आला, केस मागं सरलेत. मला बघून हातातला शर्ट तसाच राहिला.

"आण्णा? आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"मग?"

रस्त्यानं येताना मी चार वाक्यं जुळवली होती. गॅरेजातली जुनी माणसं, साहेबाचा स्वभाव, त्या वेळची परिस्थिती. चांगली वाक्यं होती. एकही आठवलं नाही.

"जीपच्या चाकाची पिन," मी म्हटलं. "मी इसरलो हुतो. नट मी आवळला. साहेबापुढं तुझं नाव घेतलं."

त्यानं शर्ट तारेवर टाकला. दोन चिमटे लावले. सावकाश.

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं? आईनं?"

"कुणी न्हाई. पिन तुमीच माझ्या हातात दिलतीसा, फळीवर ठिव म्हणून. चाक निखळल्यालं कळलं त्या सांच्याला बगितलं तर तितंच पडलेली." त्यानं दुसरा शर्ट उचलला. "त्याच सांच्याला म्हाईत झालं."

बारा वर्षं. दिवाळी, दसरा, त्याचं लग्न, त्याची पोरं, गुंडूची माती. प्रत्येक वेळी माझ्यासमोर उभा राहून त्यानं विचारलं होतं, बरं हाय न्हवं. आणि त्याला ठाऊक होतं.

मला राग आला. स्वतःवरचा, पण निघाला त्याच्यावर. नेहमीसारखा. ओरडलोच मी, "मग बारा वरसं बोलला का न्हाईस रं?"

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, तानूबाईसारखं.

"तुमचाच पोरगा न्हवं का मी."

मग तो आत वळून बायकोला म्हणाला, "आण्णा आल्यात. च्या टाक." आणि मला म्हणाला, "बसा की. उभं किती ऱ्हाणार."

मी बसलो. त्यानं उरलेले कपडे वाळत घातले. मधेमधे चिमटे मागत होता, मी देत होतो. चहा फार गोड होता. सगळा प्यायलो.